वाळूवरच्या लाटेसाठी लाँगबोर्ड निवडताना: आधी नाक बघा, मग लांबी

माझा पहिला लाँगबोर्ड, म्हणजे सर्फिंगचा लांब बोर्ड, मी फोटोवर भाळून घेतला. ९ फूट ६ इंच, ताटासारखं रुंद नाक, जाडजूड अंग, मागे तळाला पंखासारखी एकच मोठी फिन. विरारजवळच्या रजोडीच्या सुरूच्या बनातून तो पाण्याकडे नेत होते तेव्हा दोन पोरांनी थांबवून त्याच्यासोबत सेल्फी काढला. पुढच्या तासाभरात त्या बोर्डाने मला किती वेळा तोंडघशी पाडलं याचा हिशेब मी अकरानंतर सोडला. दर वेळी प्रकार एकच. मागून लाट उचलायची, बोर्ड पुढे कलायचा, नाक पाण्यात रुतायचं आणि मी त्याच्यावरून उडून पुढे.

जाळं साफ करत बसलेले एक कोळीकाका हे बघत होते. मी धापा टाकत वाळूत येऊन बसले तेव्हा त्यांनी बोर्डाकडे हनुवटीने खूण केली. "बाय, नाळ वर नाय घेतली तर होडी पानी खाते." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. सर्फिंगचा बोर्ड त्यांनी त्याआधी कधी हातात धरला नसेल, पण माझं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. ते मला नीट कळायला मात्र दोन वर्षं आणि आणखी एक चुकीचा बोर्ड लागला.

हा लेख ज्यांना फेसाळ पाण्यात उभं राहता येतं आणि आता स्वतःचा लाँगबोर्ड घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आहे. अजून उभं राहणंच जमत नसेल तर एक हंगाम भाड्याच्या किंवा क्लबच्या मऊ फोमच्या बोर्डावर काढा. तो डोक्यावर आदळला तरी टाके कमी पडतात.

आपली लाट वेगळी का आहे

लाँगबोर्ड म्हणजे ढोबळमानाने ९ फूट किंवा त्याहून लांब बोर्ड. त्याचा मोठा गुण असा, की लाट पुरती उभी राहण्याआधीच तो घसरू लागतो. मीटरभर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास धावते. हातांनी वल्हवत आपण त्या वेगाच्या जवळपासही पोचत नाही. उरलेला वेग लाटेच्या उताराकडून घ्यायचा असतो, आणि लांब, सपाट तळाच्या बोर्डाला त्यासाठी थोडासाच उतार पुरतो.

पण ज्या देखण्या जुन्या घाटाच्या बोर्डांची चित्रं आपण पाहतो, ते बहुतेक वेगळ्या लाटेसाठी घडले. कॅलिफोर्नियातल्या मालिबूला लाट भूशिराला वळसा घालत एका टोकाकडून दुसरीकडे ओळीने, सावकाश फुटत जाते. अशा लाटेवर वेळ भरपूर मिळतो. त्यामुळे रुंद, सपाट नाक चालतं. त्यावर पुढे चालत जाऊन पायाची बोटं टोकाला लावून उभं राहता येतं.

आपल्याकडे लाट वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर फुटते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट कोसळते, हा ढोबळ नियम आहे. खडक जागचा हलत नाही, वाळू हलते. पावसाळ्यापूर्वी जिथे दांडा होता तिथे गणपतीनंतर खड्डा सापडतो. त्यामुळे लाट कुठे फुटेल याचा भरवसा नसतो आणि बऱ्याचदा ती अख्खी एकदम कोसळते. सर्फर त्याला 'क्लोजआउट' म्हणतात. उभं राहायला दीड-दोन सेकंद, वळायला त्याहून कमी. त्यात जवळच्याच वाऱ्याने उठवलेल्या लाटा ४ ते ७ सेकंदांच्या अंतराने येतात, एकीच्या पाठीवर दुसरी. लांब सपाट नाक अशा वेळी पुढच्या खळग्यात जाऊन रुततं. माझं नेमकं हेच होत होतं.

पहिली पायरी: बोर्ड बघण्याआधी महिनाभर पाणी बघा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, तो ४ मीटरच्या घरात जातो; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, साधारण निम्म्यावर येतो. किनाऱ्याचा वरचा भाग जास्त उतरता आणि खालचा सपाट असेल, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तसाच असतो, तर भर भरतीला लाट काठाशी येऊन धप्पकन आदळते. ओहोटीला तीच लाट दूरवर सपाटीवर फेस काढत विरते. एकाच किनाऱ्यावर एकाच दिवसात दोन वेगळ्या लाटा मिळतात. तेव्हा तुम्ही नेहमी कोणत्या वेळी पाण्यात असता, यावर बोर्ड ठरतो.

इथे आपली जुनी रीत कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. मुंबईत प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढे धरावा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला नेमकं उलट: पहाटे भरती, पण भांगाची, म्हणजे उंचीने कमी. ऑफिसला जाण्याआधी ६ ते ८ या वेळातच पाण्यात उतरणाऱ्या माणसाला याचा अर्थ असा, की उधाणाची जोरदार भरती त्याच्या वाट्याला सहसा येतच नाही. त्याला ओहोटीचं सपाट पाणी मिळतं किंवा भांगाची मध्यम भरती. मला सगळ्यात चांगल्या लाटा दशमी ते द्वादशीच्या सकाळी मिळतात, पाणी चढत असताना. नेमकी वेळ अर्थातच छापील तक्त्यातून बघा. तिथीचा हिशेब फक्त आठवड्याचा बेत आखायला.

वहीत चार गोष्टी लिहा: तिथी, वेळ, लाट कमरेएवढी की छातीएवढी, आणि ती ओळीने फुटली की एकदम. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज उपलब्ध असतो. त्यात उंचीइतकंच दोन लाटांमधल्या सेकंदांकडे लक्ष द्या. १२ सेकंदांच्या वरचा आकडा दिसला तर लाट दूरच्या दक्षिणी महासागरातून आली आहे. ती गुळगुळीत आणि ताकदवान असते, मे महिन्यात अशा काही सकाळी मिळतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण बहुतेक दिवस पाणी गुडघा-मांडीएवढंच हलतं. जून ते ऑगस्टचा विचार करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. कोळी ज्या पाण्यात होडी घालत नाहीत त्यात आपण फळी घेऊन जाण्यात शौर्य नाही.

जागेबद्दल दोन शब्द. जुहूला माणसं इतकी असतात की सात-आठ किलोची नऊ फुटी फळी तिथे सोडणं हा गुन्हाच. अक्साची ओढ आणि पायाखालून सरकणारी वाळू यांनी दर वर्षी माणसं नेली आहेत. जीवरक्षक नको म्हणाले की नको. वसई-विरारकडे रजोडी-कळंबचा पट्टा मोकळा आहे, आणि खाडीपलीकडे अलिबागच्या बाजूला नागाव, पुढे काशीद. माझी वही मुख्यतः रजोडीची आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दुसरी पायरी: वजन आणि लिटर

बोर्डावर तीन आकडे असतात: लांबी, रुंदी, जाडी. चौथा आकडा लिटरमध्ये असतो, म्हणजे बोर्डाचं आकारमान. एक लिटर साधारण एक किलो वजन तोलतं. लाँगबोर्डला आपल्या किलोइतके लिटर ही खालची मर्यादा समजा. शिकाऊ माणसाने त्यावर १०-१५ टक्के घ्यावेत, पंच्याहत्तर आणि त्यावरच्या वजनाला थोडे कमी चालतात.

माझं वजन ५८ किलो. तो पहिला बोर्ड ८० लिटरचा होता. बूच कितीही दाबलं तरी वर येतं तसा तो होता. मी त्याला लाटेत दाबू शकत नव्हते, लाटच मला त्याच्यासकट उचलून टाकत होती. आजचा माझा बोर्ड ९ फूट १ इंच, साडेबावीस इंच रुंद, पावणेतीन इंचांहून जरा जाड, ६४ लिटर. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला ९ फूट २ इंच, पावणेतेवीस रुंद, ३ इंच जाड, म्हणजे सत्तरच्या आसपास लिटर ठीक. नव्वदच्या पुढे असाल तर ९-६ (९ फूट ६ इंच) आणि सव्वातेवीस रुंद घ्या, ऐंशीजवळ लिटर येतील.

वाळूवरच्या लाटेसाठी ९-० ते ९-२ च्या पुढे उगाच जाऊ नका. प्रत्येक वाढलेला इंच फेसातून बाहेर जाताना जड पडतो. छोटा बोर्ड लाटेखाली दाबून पलीकडे जाता येतं, लाँगबोर्ड दाबला जात नाही. लाट आली की बोर्ड घट्ट धरून पालथं व्हायचं, लाट वरून जाऊ द्यायची आणि पुन्हा सुलटं. अशा दहा लाटांनंतर ९-६ आणि ९-१ मधला फरक खांद्यांना विचारा.

तिसरी पायरी: रॉकर, म्हणजे खरी मेख

बोर्ड कडेने बघितला की नाकापासून शेपटीपर्यंत जो बाक दिसतो तो रॉकर. दुकानात कोणी त्याच्याबद्दल बोलत नाही, कारण तो फोटोत दिसत नाही. पण आपल्या पाण्यात नव्वद टक्के सुखदुःख याच्यात आहे.

मोजायची पद्धत सोपी. दोन उशा जमिनीवर ठेवून बोर्ड त्यांवर पालथा टाका. गवंडी वापरतात ती ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी तळाच्या बरोबर मध्यावर टेकवा आणि नाकाशी किती फट राहते, शेपटीशी किती, ते मोजपट्टीने बघा. माझ्या पहिल्या बोर्डाच्या नाकाशी ३ इंचांची फट होती. सध्याच्या बोर्डाला साडेचार आहे. हा दीड इंच म्हणजेच काकांची 'नाळ'.

मग जास्तीत जास्त बाक घ्यावा का? इथेच मी दुसऱ्यांदा फसले. चिडून मी थेट स्पर्धावाल्या घाटाचा बोर्ड घेतला: ९-०, अरुंद नाक, पातळ कडा, केळ्यासारखा बाक, जेमतेम ५२ लिटर. मे महिन्यात छातीएवढ्या लाटेवर तो अप्रतिम चालला, चार सकाळी. डिसेंबरात मांडीएवढ्या लाटेत मी वल्हवत राहिले आणि लाटा पोटाखालून निघून गेल्या. बाक जितका जास्त तितका बोर्ड पाणी पुढे ढकलतो, घसरत नाही. वर्षातले दिवस मोजले तेव्हा कळलं, की माझ्या वहीतल्या दर दहा दिवसांपैकी सात मांडी-कमरेएवढ्या मऊ लाटेचे होते आणि दोन-तीन उभ्या, कोसळणाऱ्या. बोर्ड त्या सात दिवसांसाठी घ्यायचा आणि उरलेल्या तिनांत त्याने मान मोडू नये एवढं बघायचं.

म्हणून आकड्याइतकंच महत्त्वाचं हे, की बाक सुरू कुठे होतो. मधला भाग जवळजवळ सपाट हवा, तिथूनच घसरण मिळते. नाकाकडचा बाक पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापासून हळूहळू चढत गेलेला हवा. काही बोर्ड आठ फुटांपर्यंत इस्त्रीच्या टेबलासारखे सरळ आणि शेवटच्या फुटात एकदम वर मुरडलेले असतात. मोजलं तर आकडा छान येतो, पण लाटेच्या पोटात ते मुरडलेलं टोक उशिरा कामाला येतं आणि येतं तेव्हा ब्रेकसारखं लागतं. बोर्डाच्या शेपटीशी बसून एक डोळा मिटून नाकाकडे बघा. सुतार फळीचा बाक बघतो तसं. रेष कुठे मोडलेली दिसली तर पुढे चला.

शेपटीकडचा बाक मध्यम ठेवा. तो वाढला की वळणं सोपी होतात, वल्हवणं जड. नाकावर उभं राहण्यासाठी केलेल्या बोर्डांना शेपटीकडे मुद्दाम जास्त बाक देतात, शेपटी पाण्यात धरून राहावी म्हणून. आपल्याला लाटेवर नाकापर्यंत चालत जाण्याएवढा वेळच क्वचित मिळतो. मग त्याची किंमत का मोजा?

चौथी पायरी: वरून दिसणारा आकार

नाकाची रुंदी टोकापासून १२ इंचांवर मोजतात, शेपटीचीही तशीच. नाक १९ इंचांच्या आसपास असेल तर तो नाकावर चालण्याचा घाट. १७ च्या खाली असेल तर स्पर्धेचा. साडेसतरा ते अठरा हे आपलं माप. रुंद नाक बाजूच्या फेसात अडकतं आणि तिरका टेकऑफ घेऊ देत नाही, म्हणजे लाट तिरकी पकडून उठू देत नाही. वाळूवरच्या लाटेत तर टेकऑफ तिरकाच घ्यायला हवा. सरळ किनाऱ्याकडे तोंड करून उठलात की लाट पुढे कोसळलेलीच असते.

एक जुना घाट मला मनापासून आवडतो: पिग. १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डेल वेल्झीने बोर्डाची सगळ्यात रुंद जागा मध्यावरून मागे सरकवली, नाक निमुळतं केलं आणि पार्श्वभाग भारी ठेवला. मागच्या पायावर फिरवायला मजा येते. पुरेसा बाक असलेला पिग मिळाला तर नक्की चालवून बघा, पण एकच बोर्ड परवडणार असेल तर तो नको.

शेपटी: चौकोनी रुंद शेपटी मऊ लाटेत ढकल देते, पण उभ्या लाटेत मागून उचलली जाते आणि नाक पुन्हा खाली. टोकदार पिन शेपटी उभ्या लाटेत धरून ठेवते, मऊ लाटेत बसते. गोलसर पिन किंवा कोपरे गोल केलेली स्क्वॅश, यातली कोणतीही घ्या. या दोघींवरून सर्फर तासन्‌तास वाद घालतात. आपल्या लाटेवर मला फारसा फरक जाणवलेला नाही.

पाचवी पायरी: कडा आणि तळ

कडेला रेल म्हणतात. पुढच्या दोन-तृतीयांशात ती मऊ, गोल हवी, म्हणजे चुकून पाण्यात रुतली तरी झटका देत नाही. शेवटच्या दीड-दोन फुटांत मात्र तळाच्या बाजूला बोटाला धार जाणवली पाहिजे. ती धार पाणी तोडते, उभ्या लाटेवर बोर्ड सुटू देत नाही. शेपटीपर्यंत सगळीकडे अंड्यासारखी गोल कड असेल तर तो संथ, लांब लाटेचा बोर्ड आहे. हे दुकानात डोळे मिटून तपासता येतं. अंगठा कडेखालून नाकापासून शेपटीपर्यंत फिरवा.

तळ सपाट असला की पुरे, शेपटीकडे हलका व्ही असला तर बोर्ड एका कडेवरून दुसरीवर सहज कलतो. नाकाखालची खोलगट वाटी नाकावर उभं राहणाऱ्यांसाठी, आपल्याला असली काय नसली काय.

सहावी पायरी: फिन

होडीला सुकाणू तशी बोर्डाला फिन. मोठी एकच फिन घ्यायची तर बोर्डाच्या दर फुटाला एक इंच असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे ९ फुटी बोर्डाला ९ इंची. ओहोटीला रजोडीच्या सपाटीवर हे माप धोक्याचं आहे. गुडघाभर पाण्यात उतरायला विसरलात, की फिन वाळूत घुसते आणि ती ज्यात बसते ती फिनची पेटी तळासकट उखडते. ही दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ.

म्हणून मधे ७ इंचांची आणि बाजूंना दोन छोट्या, अशी मांडणी घ्या. २+१ म्हणतात तिला. बाजूच्या फिन उभ्या लाटेत पकड देतात, मऊ दिवशी त्या काढून टाकता येतात. बोर्ड घेतानाच बाजूच्या फिनच्या खाचा आहेत का बघा, नंतर बसवणं कटकटीचं.

मधली फिन लांब पेटीत मागेपुढे सरकते. पुढे सरकवली की बोर्ड चटकन वळतो, मागे नेली की सरळ, स्थिर धावतो. सुरुवातीला पेटीच्या बरोबर मध्यावर लावा आणि एका वेळी अर्धा इंचच हलवा. अर्ध्या इंचाने काय होणार असं मलाही वाटलं होतं.

सातवी पायरी: मुंबईचं घर, गाडी, ऊन

हा भाग परदेशी लेखांत नसतो आणि आपल्याला तोच आधी नडतो. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये छत ९ ते साडेनऊ फुटांवर असतं, त्यामुळे ९-६ चा बोर्ड उभा राहतच नाही. माझा पहिला बोर्ड वर्षभर हॉलमध्ये तिरका उभा होता आणि आई त्याच्यावर पंचे वाळत घालायची. लिफ्टमध्ये तो मावत नाही, जिन्याच्या वळणावर नाक आपटतं. मोजपट्टी घेऊन आधी जिना मोजा. लोकलने न्यायचा विचार सोडा. गाडीच्या टपावर मऊ पट्ट्यांचा रॅक लागतो. अलिबागकडे जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत गाडी बोर्डासकट जाते, ते सगळ्यात सुखाचं.

बोर्ड कशाचा? पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर हा जुना प्रकार, जरा जड, पण वाऱ्याच्या खळबळीतून शांत जातो. थर्माकोलच्या जातीच्या ईपीएस फोमवर इपॉक्सी हा हलका आणि मजबूत, मऊ लाटेत चपळ. खडबडीत पाण्यात तो उड्या मारतो. मला पहिला आवडतो, पण तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवणाऱ्या माणसाला मी दुसरा घे म्हणेन. इपॉक्सी-ईपीएस बोर्ड मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. आतली हवा फुगून वरच्या थराला फोड येतात, आणि ते बसत नाहीत.

वाळूवरून न्यायला माझी रीत सांगते. साडेबावीस इंच रुंद बोर्डाला माझा हात काखेतून पुरत नाही. मी टॉवेलची चुंबळ करून तो डोक्यावर घेते, मासळीची पाटी घेतात तसा. मान ताठ, हात मोकळे, वारा असला तरी वाकडा होत नाही.

पाणी २४ ते ३० अंशांचं असतं, तेव्हा पाय घसरू नये म्हणून बोर्डाला चोळायचं वॅक्स उष्ण कटिबंधाचं, 'ट्रॉपिकल' लिहिलेलंच घ्या. थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे तुपासारखं वितळतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्या पुढे आठवडेच्या आठवडे वाळूत दडून असतात. बोर्डाला चिकटल्या तर खोबरेल लावून कापडाने पुसा, चाकूने खरवडू नका.

आठवी पायरी: जुना बोर्ड घेताना

आपल्याकडे लाँगबोर्ड बहुतेक वेळा दक्षिणेतून, मुल्की किंवा चेन्नईजवळच्या कोवलमच्या बाजूने, नाहीतर मायदेशी परतणाऱ्या परदेशी माणसाकडून हाती येतो. नवा मागवलात तर वाहतुकीत नाक-शेपटी फुटण्याची भीती असते, म्हणून जुना, डोळ्यांदेखत तपासलेला मला बरा वाटतो.

दिवसाउजेडी बघा. पिवळेपणाने घाबरू नका, तो उन्हाचा. पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबत जा. कुठे पापडासारखं आत गेलं आणि परत वर आलं, तर तिथे थर सुटलाय. मधली लाकडी पट्टी कुठे तुटक किंवा रंगाने झाकलेली दिसली तर बोर्ड एकदा मोडून जोडलेला असू शकतो. फिनच्या पेटीभोवती केसासारखी चीर आहे का? लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, अडकवायची खाच घट्ट आहे का? शेवटी उचलून बघा. ९ फुटी बोर्ड दहा किलोच्या पुढे वाटला, तर आत पाणी शिरलंय असं समजा, किंवा तो मुळातच जुन्या पद्धतीचा जड आहे. विकणाऱ्याला दोन्हींतलं काय ते सांगता आलं पाहिजे. मला तो पहिला बोर्ड विकणाऱ्याने 'जरा ओलसर हवेत होता' एवढंच सांगितलं होतं.

लीश बोर्डाएवढी, म्हणजे ९-१० फुटी घ्या आणि ती नवीच घ्या. या एका वस्तूत जुन्यावर पैसे वाचवू नका. आंघोळीला आलेल्या माणसांत सुटलेला लाँगबोर्ड कुणाच्याही कपाळावर जाऊ शकतो.

पहिल्या दिवशी

शक्य असेल तर पैसे देण्याआधी एक सकाळ मागून घ्या. पाणी चढत असताना जा, कमरेएवढी लाट बघून. बोर्डावर पोटावर झोपा. नाक पाण्यापासून दोन-चार बोटं वर राहिलं पाहिजे, एवढं पुढे-मागे सरका आणि छाती कुठे आली तिथे वॅक्सने खूण करा. पहिल्या पाच लाटा सरळ पकडा, उभ्या राहू नका, फक्त झोपून या. लाट मागून उचलते तेव्हा नाक वर राहतं का बघा. मग पाच लाटा तिरक्या पकडा. दहांतल्या दोनदा नाक रुतलं तर ती सवयीची गोष्ट, पाव फूट मागे सरका. सरकूनही सहा-सात वेळा रुतलं तर दोष बोर्डात आहे, तुमच्यात नाही. उलट, नाक छान वर राहिलं पण दहांतल्या सहा लाटा निसटल्या, तर बाक जास्त किंवा लिटर कमी.

मग एकदा मुद्दाम कोसळणारी लाट घ्या. क्लोजआउटमधून बाहेर पडताना बोर्ड पुढे किनाऱ्याकडे न सोडता स्वतः मागच्या बाजूला उडी टाका, पाण्यावर आडवं पडा, पाय रोवू नका. वर येताना हात डोक्यावर. बोर्ड कुठे आहे हे कळल्याशिवाय तोंड वर काढायचं नाही.

घरी निघण्याआधी फिनचा स्क्रू हाताने तपासा. तो वाळूत पडला तर सापडत नाही, आणि विरारच्या हार्डवेअरवाल्याकडे त्या मापाचा मिळाला नाही म्हणून मी अख्खा दिवाळीचा आठवडा कोरडी बसले होते. आता दोन जादा स्क्रू आणि त्यांच्या चौकोनी पट्ट्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात, जुन्या फिल्मच्या डबीत असतात.